इंटरफेसचे गट करून फायरवॉल आणि राउटिंगचे नियम आटोपशीर करावेत का?

कृष्णाकाठ

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेचे नेटवर्क मी गेली सहा वर्षे सांभाळतो आहे. महाविद्यालय, कनिष्ठ महाविद्यालय, मुलींचे वसतिगृह आणि मुख्य कार्यालय एकाच आवारात आहेत. बाहेरगावच्या दोन शाळा वायरगार्ड या व्हीपीएनच्या टनेलने (इंटरनेटमधून जाणाऱ्या कूटबद्ध वाटेने) जोडल्या आहेत. राउटर म्हणजे डेबियन लिनक्स चालवणारा एक साधा संगणक आहे. त्याला दोन कंपन्यांच्या इंटरनेटच्या लाइनी येतात आणि त्यांपैकी एक पीपीपीओईची, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन जोडायची, आहे.

आजवर मी फायरवॉलचा (कोणती रहदारी सोडायची, कोणती अडवायची याचा) प्रत्येक नियम इंटरफेसच्या, म्हणजे राउटरच्या एकेका जोडणीच्या, नावाने लिहीत आलो. व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी आभासी जाळी) तीन होते तोवर ते डोळ्यांखालून जात असे. आता व्हीलॅन बारा झाले आहेत आणि नियमांची फाईल २१४ ओळींची झाली आहे. गेल्या महिन्यात वाचनालयासाठी बारावा व्हीलॅन काढला, तेव्हा चौदा ठिकाणी नवे नाव घालायचे होते. तेरा ठिकाणी घातले, एक राहिले. परिणाम असा झाला की वाचनालयातले संगणक इंटरनेटवर व्यवस्थित जात होते, पण छपाई मात्र होत नव्हती. ग्रंथपाल बाईंनी बिचाऱ्यांनी तीन दिवस पेन ड्राइव्ह घेऊन कार्यालयात फेऱ्या मारल्या आणि चौथ्या दिवशी मला सांगितले. दोष प्रिंटरचा आहे असेच त्या समजत होत्या.

त्या रात्री चौकटीच्या वहीत एक तक्ता मांडला. बारा व्हीलॅन एकमेकांशी बोलणार म्हटले तर दिशेसकट १३२ जोड्या होतात. पण मी खरोखर वेगळे निर्णय किती घेतले आहेत हे पाहिले, तर कार्यालय, विद्यार्थी, उपकरणे आणि बाहेरचे जग हे चारच प्रकार निघतात, म्हणजे बाराच जोड्या. तेव्हा इंटरफेसचे गट करून नियम गटांवर लिहावेत असे मनात आहे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा. विद्यार्थ्यांची रहदारी दुसऱ्या लाइनीने न्यायची आहे, तेव्हा राउटिंगलाही हेच गट वापरता येतील का, हाही प्रश्न आहे.

तारयंत्र

अवश्य करा. लिनक्समध्ये ही सोय २०११ पासून कर्नेलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, आहे, पण फार कमी लोक ती वापरतात. प्रत्येक इंटरफेसला एक गट-क्रमांक असतो. तुम्ही काही सांगितले नाही तर तो शून्य असतो. आयपीरूट२ या नेटवर्कच्या आज्ञासंचाच्या ‘ग्रुप’ नावाच्या फाईलमध्ये क्रमांकासमोर नाव लिहून ठेवले की पुढे ते नाव वापरता येते. ‘आयपी लिंक सेट’ या आज्ञेने इंटरफेस गटात जातो आणि एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ‘आयआयएफग्रुप’ (आत येताना) व ‘ओआयएफग्रुप’ (बाहेर जाताना) या शब्दांनी त्यावर नियम लिहिता येतो. त्याआधीचे आयपीटेबल्स वापरत असाल तर ‘डेव्हग्रुप’ नावाचे मॉड्यूल तेच काम करते.

दोन गोष्टी आधीच ध्यानात घ्या. लिनक्समध्ये एका इंटरफेसला एकाच वेळी एकच गट मिळतो. शिवाय इंटरफेस मोडून नव्याने तयार झाला की त्याचा गट पुन्हा शून्य होतो, आणि पीपीपीओईच्या बाबतीत हे वारंवार घडते. म्हणून पीपीपीची जोडणी उभी राहिल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये गट लावण्याची ओळ घाला. वायरगार्डसाठी ‘पोस्टअप’ मध्ये (टनेल उभा राहिल्यावर चालणाऱ्या आज्ञांत) तीच ओळ घालावी.

मोगरा

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. गट करणे म्हणजेच बाँडिंग का? आमच्याकडे दोन केबली एकत्र करून सर्व्हरला जोडल्या आहेत.

तारयंत्र

नाही. बाँडिंगमध्ये दोन तारा मिळून एक इंटरफेस होतो आणि ब्रिजमध्ये अनेक पोर्ट एकाच जाळ्यात येतात. गटाने पॅकेटच्या (रहदारीच्या एकेका तुकड्याच्या) वाटेत काहीच बदलत नाही. गट ही इंटरफेसला लावलेली केवळ चिठ्ठी आहे आणि ती चिठ्ठी नियम वाचतात. पोर्ट ब्रिजमध्ये असेल, तर राउटिंगच्या फायरवॉलला ब्रिजच दिसतो, त्यामागचा पोर्ट दिसत नाही. तेव्हा चिठ्ठी ब्रिजला लावायची, पोर्टला नव्हे. पुष्कळांचा अर्धा दिवस इथेच जातो.

सह्यकडा

मी थोडा वेगळा विचार मांडतो. धागाकर्त्यांचे दुखणे खरे आहे, पण औषध म्हणून कर्नेलमधले गट मला पटत नाहीत. रात्री दोन वाजता फोन येतो तेव्हा मी नियमांची फाईल उघडतो. तिथे ‘विद्यार्थी गटातून येणारे सोडा’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या गटात या क्षणी कोण कोण आहे हे त्या फाईलवरून समजत नाही. ते दुसऱ्याच ठिकाणी पाहावे लागते. त्यापेक्षा एनएफटेबल्समध्ये इंटरफेसच्या नावांचा नामित संच करावा. संच आणि नियम एकाच फाईलमध्ये राहतात, आणि बारावा व्हीलॅन आला की एकाच ठिकाणी नाव वाढवायचे. चौदा ओळींची कटकट त्यानेही मिटते.

मात्र नावाच्या सुरुवातीवरून जुळवणी करण्याच्या मोहात पडू नका. आयपीटेबल्समध्ये ‘ईटीएच१’ पुढे अधिक-चिन्ह लावले की ईटीएच१ बरोबर ईटीएच१० आणि ईटीएच११ हेही त्यात येतात. हे मी भोगले आहे.

दर्याकिनारा

गोव्यातून लिहितो आहे. किनाऱ्यावरच्या लहान हॉटेलांची नेटवर्के पाहतो, बहुतेक ठिकाणी मायक्रोटिक कंपनीचे राउटर आहेत. तिथे यालाच ‘इंटरफेस लिस्ट’ म्हणतात, आणि कारखान्यातून येणाऱ्या घडणीतच लॅन (आतले जाळे) व वॅन (इंटरनेटची बाजू) या दोन याद्या तयार असतात. माझ्या हातून झालेली एक चूक सविस्तर सांगतो, कारण या धाग्याचा खरा प्रश्न त्यात आहे असे मला वाटते.

एका हॉटेलात जुनी लाइन बदलून पीपीपीओईची फायबर लाइन आली. वॅनच्या यादीत पहिला इथरनेट पोर्ट होता, पीपीपीओईचा इंटरफेस नव्हता. आतल्या पत्त्यांवर राउटरच्या पत्त्याचा मुखवटा चढवणारा नॅटचा नियम वॅनच्या यादीवर असल्यामुळे इंटरनेट चालेना. यादीत नवा इंटरफेस घालायचा, एवढेच काम होते. मी घाईत नॅटच्या नियमातच पीपीपीओईचे नाव थेट लिहिले. इंटरनेट सुरू झाले, पाहुण्यांच्या तक्रारी थांबल्या आणि मी घरी आलो.

त्याआधी कधीतरी मी मूळ घडणीतला ‘लॅनच्या यादीतून न आलेले सर्व अडवा’ हा नियम बदलून ‘वॅनच्या यादीतून आलेले अडवा’ असा केला होता. वाचायला तो सोपा वाटत असे. आता पीपीपीओईचा इंटरफेस वॅनच्या यादीत नाही, म्हणून त्याला अडवणारे कोणीच उरले नाही. राउटर पाहुण्यांसाठी डीएनएसची (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारी) उत्तरे देत होता, तो आता साऱ्या जगाला देऊ लागला. बनावट पत्त्यावरून लहान प्रश्न विचारायचा आणि मोठे उत्तर तिसऱ्याच्याच अंगावर पाठवायचे, या हल्ल्यासाठी असेच राउटर शोधले जातात. चौथ्या दिवशी इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा फोन आला की तुमची अपलोडची बाजू रात्रंदिवस भरून वाहते आहे. मी राउटर उघडला तेव्हा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर होता आणि जोडण्यांची यादी डीएनएसच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टने भरलेली होती.

दोन्ही नियम वरवर एकाच अर्थाचे दिसतात. पण कोणत्याच यादीत नसलेला इंटरफेस पहिल्या नियमात अडतो आणि दुसऱ्यात सुटतो. तेव्हापासून कोणत्याही गटाचा नियम लिहिताना मी स्वतःला आधी हाच प्रश्न विचारतो: जो कोणत्याच गटात नाही त्याला यातून काय मिळते?

सह्यकडा

दर्याकिनारा, हे इतक्या मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. संच असो वा गट, तुमचा मुद्दा दोन्हींना लागू आहे. संचातही नाव राहून जाऊ शकतेच.

उंबरठा

वेगवेगळ्या प्रणाली या प्रश्नाचे काय उत्तर देतात, ते पाहण्यासारखे आहे. फायरवॉलडी या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये गटाला झोन म्हणतात; झोन न दिलेला इंटरफेस मुलभूत (डीफॉल्ट) झोनमध्ये जाऊन पडतो, म्हणून तो झोन कोणता आहे हे आधी पाहावे. फेडोरा लिनक्सच्या वर्कस्टेशन आवृत्तीत तो झोन १०२५ पासून ६५५३५ पर्यंतचे पोर्ट उघडे ठेवतो. सिस्कोने २००६ मध्ये आणलेल्या झोनच्या फायरवॉलमध्ये झोन नसलेला इंटरफेस झोनमधल्या इंटरफेसशी बोलूच शकत नाही. मात्र झोन नसलेले दोन इंटरफेस आपसांत पूर्वीसारखेच बोलत राहतात.

ओपनबीएसडी या प्रणालीची रीत मला सर्वांत आवडते. तिथे एक इंटरफेस कितीही गटांत असू शकतो. गटाचे नाव अंकाने संपू शकत नाही, त्यामुळे ते इंटरफेसच्या नावाशी कधी गोंधळत नाही. बिनतारी इंटरफेस आपोआप ‘डब्ल्यूलॅन’ गटात जातात. आणि ‘इग्रेस’ नावाचा एक गट आहे: ज्या इंटरफेसवरून मुलभूत मार्ग (दुसरा नेमका मार्ग नसलेल्या रहदारीची वाट) बाहेर जातो, तो इंटरफेस प्रणाली स्वतःच या गटात ठेवते. तिथल्या पीएफ या फायरवॉलमध्ये नॅटचा नियम ‘इग्रेसवरून बाहेर जाताना’ असा लिहिला की लाइन बदलली, पीपीपीओई आले, तरी नियमाला हात लावावा लागत नाही. दर्याकिनारा यांच्या हॉटेलात अशी सोय असती, तर ती वेळ आली नसती. ‘रिसीव्ह्ड-ऑन’ या शब्दाने ‘या गटातून आत आलेले आणि आता इग्रेसवरून बाहेर निघालेले’ असाही एक नियम लिहिता येतो.

अंगणदिवा

पुण्यात घरी आणि दोन दवाखान्यांत ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची प्रणाली चालवते. तिथे नियम मुळातच झोनवर लिहायचे असतात. २०२२ च्या २२.०३ आवृत्तीपासून आतली यंत्रणा एनएफटेबल्सवर गेली, पण झोनची मांडणी तीच राहिली.

वर कोणीच न काढलेला मुद्दा असा की एकाच गटातल्या दोघांनी एकमेकांशी बोलायचे की नाही, हा वेगळा निर्णय आहे. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये झोनच्या ‘फॉरवर्ड’ या पर्यायाचा अर्थ नेमका हाच होतो, आणि लॅनच्या झोनमध्ये तो पर्याय मुळात ‘स्वीकारा’ असा असतो. एका दवाखान्यात मी तपासणीच्या यंत्रांचे नेटवर्क सोयीसाठी लॅनच्या झोनमध्ये घातले, आणि स्वागतकक्षातला संगणक त्या यंत्रांपर्यंत पोहोचू लागला. नुकसान काही झाले नाही, पण महिनाभर ते माझ्या लक्षातही आले नाही. धागाकर्त्यांच्या तक्त्यात चार गटांच्या बारा जोड्या आहेत, पण कर्णावरच्या चार चौकटी मोजलेल्या नाहीत. निर्णय सोळा आहेत.

कृष्णाकाठ

अंगणदिवा, अगदी बरोबर. वही उघडून पाहिली. कर्णावर मी नुसत्या रेघा मारून ठेवल्या होत्या. वसतिगृह आणि प्रयोगशाळा दोन्ही ‘विद्यार्थी’ गटात आहेत आणि त्यांनी एकमेकांशी बोलायचे मुळीच कारण नाही.

आता शाळांच्या टनेलविषयी अडचण आली आहे. एकाच टनेलमधून शाळेचे कार्यालयही येते आणि विद्यार्थ्यांची संगणक-प्रयोगशाळाही येते. तो टनेल कोणत्या गटात घालू?

रानवाट

दोन्हींपैकी एकाही गटात घालू नका. गट इंटरफेसचा होतो. एकाच इंटरफेसवरून दोन भूमिका येत असतील, तर त्या दोघांना वेगळे करण्याचे काम गट करू शकत नाही. ‘शाखा’ असा पाचवा गट करा आणि त्याच्या आत पत्त्यांवरून निवड करा.

एरवी पत्त्यावरून केलेली निवड मला दुय्यम वाटते. पॅकेटवर लिहिलेला पत्ता पाठवणारा स्वतः लिहितो, पण ते कोणत्या इंटरफेसने आत आले हे राउटर स्वतः पाहतो. वायरगार्डमध्ये मात्र त्या टोकाला ‘अलाउड आयपीज’ मध्ये दिलेल्या पत्त्यांखेरीज इतर पत्त्याचे पॅकेट टनेलमधून आत येतच नाही, म्हणून इथे पत्त्यावर बराच भरवसा ठेवता येतो. शाळेच्या आत प्रयोगशाळेतल्या कोणी कार्यालयाचा पत्ता घेऊ नये, हे मात्र शाळेच्याच राउटरने पाहायला हवे.

दूरदेशी

नेदरलँड्समध्ये नोकरी करतो आणि कामावर पीएफसेन्स हे फायरवॉलचे सॉफ्टवेअर पाहतो. ते वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. तिथे गटाचे नियम त्या-त्या इंटरफेसच्या नियमांच्या आधी तपासले जातात आणि पहिला जुळलेला नियम अंतिम असतो. म्हणून गटात एकदा ‘सोडा’ म्हटले की इंटरफेसच्या पानावर ‘अडवा’ लिहून काही उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट धागाकर्त्यांच्या दोन लाइनींशी जोडलेली आहे. बाहेरून आलेल्या जोडणीचे उत्तर त्याच लाइनीने परत जावे म्हणून पीएफसेन्स वॅनच्या नियमाला ‘रिप्लाय-टू’ जोडते. गटाच्या नियमात ही सोय नीट होत नाही. दोन लाइनी असतील तर वॅनचे इंटरफेस गटात घालून त्यावर आत येण्याचे नियम लिहू नयेत. प्रत्येक लाइनीच्या पानावर स्वतंत्र लिहावेत. आतल्या जाळ्यांचे गट खुशाल करावेत.

तारयंत्र

राउटिंगच्या प्रश्नाकडे वळतो, तो मागे पडला आहे. लिनक्सच्या ‘आयपी रूल’मध्ये पॅकेट कोणत्या गटातून आले यावरून निवड करता येत नाही, एकेका इंटरफेसचे नाव, पत्ता किंवा पॅकेटवरची खूण यांवरून करता येते. म्हणून काम दोन पायऱ्यांत करायचे. आधी एनएफटेबल्समध्ये, राउटिंगच्या अगोदरच्या टप्प्यावर, विद्यार्थी गटातून आलेल्या पॅकेटवर खूण लावायची. मग ‘ही खूण असेल तर १०२ क्रमांकाचे टेबल (मार्गांची यादी) पाहा’ असा नियम करायचा आणि त्या टेबलात दुसऱ्या लाइनीचा मुलभूत मार्ग ठेवायचा. बाहेरून आत आलेल्या जोडण्यांसाठी खूण जोडणीवरही साठवावी, म्हणजे उत्तर आल्या वाटेने जाईल.

इथे एक खड्डा आहे. १०२ च्या टेबलात तुमच्या आतल्या व्हीलॅनचे मार्ग नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्याने प्रिंटरकडे पाठवलेले पॅकेटसुद्धा खुणेमुळे त्या टेबलात जाईल आणि इंटरनेटच्या लाइनीकडे निघेल. यावर उपाय म्हणजे खुणेच्या नियमाच्या आधी मुख्य टेबल पाहण्याचा एक नियम ठेवायचा आणि त्याला ‘सप्रेस प्रीफिक्सलेंथ शून्य’ जोडायचे. याचा अर्थ असा की मुख्य टेबलात नेमका मार्ग सापडला तर तो घ्या, पण तिथला मुलभूत मार्ग मात्र विचारात घेऊ नका. आतली रहदारी आत राहते आणि उरलेली खुणेप्रमाणे जाते.

दुसरी लाइन पडून त्या टेबलातला मार्ग नाहीसा झाला, तर शोध पुढे मुख्य टेबलात जातो आणि विद्यार्थी पहिल्या लाइनीवर येतात. ते हवे की नको, हे आधी ठरवा. पॅकेट पाठवणाऱ्याकडे जाण्याची वाट त्याच इंटरफेसने आहे का हे पलटून तपासणारा ‘आरपी फिल्टर’ कडक असेल तर दोन लाइनींत तो योग्य पॅकेटही टाकून देऊ शकतो, तो सैल म्हणजे दोनवर ठेवा.

दर्याकिनारा

मायक्रोटिकवर हेच ‘मँगल’मध्ये (पॅकेटवर खुणा लावण्याच्या नियमांत) करतात. तिथे मूळ घडणीतला ‘फास्टट्रॅक’चा नियम सुरू असेल, तर पॅकेटे मँगलला वगळून पुढे जातात आणि खूण लागतच नाही. तो नियम बंद करा किंवा खूण नसलेल्या जोडण्यांपुरताच ठेवा.

सह्यकडा

विद्यार्थ्यांसाठी वेगळे राउटिंग टेबलच हवे असेल, तर व्हीआरएफ (एकाच राउटरमध्ये अलग राउटिंग टेबले ठेवण्याची सोय) का नको? लिनक्समध्ये ते २०१५ च्या ४.३ कर्नेलपासून आहे.

रानवाट

व्हीआरएफमध्ये इंटरफेस खरोखरच वेगळ्या टेबलात राहायला जातो आणि मग प्रिंटरसारख्या सामाईक गोष्टींसाठी दोन टेबलांमध्ये मार्ग गळू द्यावे लागतात. कॅमेऱ्यांचे जाळे संपूर्ण अलग ठेवायचे असेल तर ते उत्तम. इथे सामाईक गोष्टी बऱ्याच आहेत, म्हणून खूण बरी.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी परत येतो आहे. दिवाळीच्या सुट्टीत संस्था रिकामी असताना सर्व बदल केला.

सह्यकडा यांचा संचाचा मार्ग आधी करून पाहिला. व्हीलॅनसाठी तो उत्तम चालला, परंतु पीपीपीओई आणि टनेल यांच्यासाठी मला गट सोयीचे वाटले, आणि दोन पद्धती एकत्र ठेवण्यापेक्षा सर्वत्र गटच केले. गटात कोण आहे ते फाईलवरून समजत नाही, हा त्यांचा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून नियमांच्या फाईलच्या माथ्यावर टिपण म्हणून तक्ता लिहिला आहे, आणि रोज पहाटे एक स्क्रिप्ट प्रत्यक्ष गट त्या तक्त्याशी ताडून पाहते. फाईल आता ७१ ओळींची आहे.

दर्याकिनारा यांचा प्रश्न मी जसाच्या तसा नियमात उतरवला. साखळीच्या शेवटी सर्व अडवले जाते आणि त्याच्या आधी एकच ओळ आहे: गट शून्य असलेल्या इंटरफेसवरून काही आले तर त्याच्या नावासह नोंद करा. सुट्टी संपल्यावर आठवड्याभरातच वायफायवाल्या तंत्रज्ञाने न विचारता एक नवा व्हीलॅन काढला. पूर्वी तो कोठेतरी अर्धामुर्धा चालला असता. या वेळी त्यातून काहीच चालले नाही, त्याचा मला फोन आला, आणि नोंदीत त्या इंटरफेसचे नाव माझ्यासमोर होते. गट लावायला एक ओळ लागली.

परीक्षेच्या काळात कार्यालयाची लाइन मोकळी हवी असते, म्हणून १०२ च्या टेबलात सर्वांत खालच्या प्राधान्याचा ‘पोहोचता येत नाही’ असा मार्ग घातला आहे. दुसरी लाइन पडली तर विद्यार्थी थांबतात, पहिल्या लाइनीवर येत नाहीत. प्राचार्यांशी बोलूनच हे ठरवले.

एक चौकट अजून कोरी आहे. वसतिगृहातल्या मुलींना वाचनालयातल्या प्रिंटरवर छपाई हवी आहे, पण ‘विद्यार्थी ते उपकरणे’ ही वाट उघडली तर कॅमेरेही त्याच गटात आहेत.

अंगणदिवा

कॅमेरे ‘उपकरणे’ गटातून काढा. रानवाट यांनी टनेलविषयी सांगितले तेच इथेही आहे: प्रिंटरकडे लोकांनी जायचे असते, कॅमेऱ्यांकडे फक्त रेकॉर्डरने. त्यांचा व्हीलॅन तुमच्याकडे आधीच वेगळा असेल तर गटाचा क्रमांक बदलायचा, इतकेच. मग विद्यार्थ्यांना छपाईसाठी ६३१ हा एकच पोर्ट उघडा, आणि तोही थेट प्रिंटरकडे न उघडता छपाईच्या सर्व्हरकडे उघडा.

कृष्णाकाठ

कॅमेऱ्यांचा व्हीलॅन वेगळाच आहे. आज संध्याकाळी करतो आणि ग्रंथपाल बाईंना वसतिगृहातून एक पान छापून पाहायला सांगतो.